‘साइट बंद आहे’ म्हणण्याआधी : ठरावीक वेबसाइटवरच अडकणारा घरचा राउटर



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी हा प्रकार झालेला असतो. नेट चालू असतं, व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, यूट्यूब पळतं, आणि नेमकी कामाची साइट उघडायला गेलं की पांढरा पडदा आणि गोल गोल फिरणारं चक्र! मग आपण राउटर बंद-चालू करतो, दोन शब्द पुटपुटतो आणि म्हणतो, “साइटच बंद आहे.”

मीही तेच म्हटलं होतं. त्यातून काय झालं ते आधी सांगते, मग शोध कसा घ्यायचा ते पायरीपायरीने पाहू.

त्या संध्याकाळी काय झालं

आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा राहिला होता. मुलगी आजीजवळ गावातच राहणार होती, पण अर्जाला जोडलेला मोबाइल नंबर वडिलांचा. म्हणजे ओटीपी त्यांच्याच फोनवर येणार. मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती. एकदा ते फडावर गेले की फोन कधी लागेल याचा भरवसा नाही. म्हणून ते कागदपत्रं घेऊन संध्याकाळीच माझ्या घरी आले.

लॉगिन झालं. नाव, वर्ग, खाते क्रमांक भरला. फोटो जोडून सेव्ह दाबलं आणि चक्र फिरत राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. राउटर तीनदा बंद करून चालू केला. मध्येच खात्री करायला यूट्यूब लावून बघितलं, व्हिडिओ झकास चालला. मी म्हटलं, “दादा, आपलं नेट तर चालू आहे. साइटच बंद पडलीय. आता काही होणार नाही.”

“बरं बाई,” म्हणाले आणि कागदं पिशवीत घालून गेले.

नऊच्या सुमारास सहज म्हणून यांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेतला आणि तीच साइट उघडली. फोटो अर्ध्या मिनिटात चढला. साइट बंद नव्हतीच! मी लगेच फोन लावला, तर त्यांचा फोन बंद. शेवटी हे गाडी काढून वस्तीवर गेले, त्यांना उठवलं, फोन चार्जिंगला लावला आणि तिथून ओटीपी सांगितला. सव्वादहाला अर्ज जमा झाला.

फोनवर त्यांनी विचारलं, “बाई, झाली का मग साइट चालू?”

मी “हो” म्हटलं.

ते “हो” मला अजून टोचतं. कारण मी दोनदा चुकले. आधी न तपासता कारण सांगितलं, आणि नंतर ते चुकलं होतं हेही सांगितलं नाही. वर्गात मुलाने असं केलं असतं तर मी विचारलं असतं, “कशावरून?” तो प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. पुढच्या रविवारी बसून विचारला. तोच आजचा पाठ.

आधी चार जागा समजून घ्या

तुमचा मोबाइल किंवा लॅपटॉप आणि ती वेबसाइट, यांच्यामध्ये कुठेही गाडी अडू शकते. ढोबळमानाने जागा चार :

१) तुमचं यंत्र : मोबाइल, लॅपटॉप, त्यातला ब्राउझर.
२) राउटर : घरातला वायफायचा डबा.
३) लाइन : राउटरपासून केबलवाल्या दादांच्या ऑफिसपर्यंत आणि पुढे.
४) साइट : ज्या संगणकावर ती वेबसाइट ठेवलेली आहे तो.

“साइट बंद आहे” म्हणजे आपण थेट चौथ्या जागेवर बोट ठेवतो. पहिल्या तीन तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. तपासायची युक्तीही आपण मुलांना विज्ञानात शिकवतो तीच : एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. बी रुजायला पाणी लागतं का हे पाहताना आपण एका वाटीत पाणी घालतो, दुसरीत नाही. माती, ऊन, बी मात्र दोन्हीकडे सारखंच ठेवतो. इथेही तसंच.

पायरी १ : यंत्र बदला, वायफाय तेच ठेवा

त्याच वायफायवर दुसऱ्या मोबाइलवरून तीच साइट उघडा. दुसऱ्यावर उघडली तर दोष पहिल्या यंत्रात. मग या गोष्टी पाहा :

• यंत्रातली तारीख आणि वेळ बरोबर आहे का? तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडायला ब्राउझर नकार देतो किंवा इशारा दाखवतो. बॅटरी संपून बरेच दिवस पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर हे हमखास होतं.
• ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे इनकॉग्निटोमध्ये, साइट उघडून पाहा. तिथे उघडली तर जुनी साठवलेली माहिती किंवा जाहिराती अडवणारं एखादं एक्सटेन्शन आड येतंय.
• दुसरा ब्राउझर वापरून पाहा.

माझ्याकडे दोन्ही यंत्रांवर साइट अडकली. म्हणजे यंत्र सुटलं.

पायरी २ : यंत्र तेच ठेवा, वायफाय बदला

त्याच लॅपटॉपला मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट द्या आणि तीच साइट उघडा. उघडली तर साइट निर्दोष, दोष राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये. इथेही अडकली तर मात्र साइटवर ताण असण्याची शक्यता बरीच वाढते.

या तपासणीला दोन मिनिटं लागतात. त्या संध्याकाळी ती मी सात वाजता केली असती तर यांना रात्री वस्तीवर जावं लागलं नसतं.

पायरी ३ : राउटर जिवंत आहे का?

साइट अडकलेली असतानाच ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक घरी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो (इंग्रजी अंकांत टाइप करायचा). राउटरच्या मागच्या किंवा खालच्या चिठ्ठीवर तो छापलेला असतो. आता दोन शक्यता :

*राउटरचं पानही उघडत नाही, घरातले सगळेच मोबाइल थांबले.* म्हणजे राउटरच गोठलाय. हात लावून पाहा, फार तापलाय का? टीव्हीच्या मागे, कपाटात, कपड्याखाली ठेवला असेल तर मोकळ्या हवेत ठेवा. अडॅप्टर मूळचाच आहे का तेही पाहा. दुसऱ्याच एखाद्या डब्याचा कमी ताकदीचा अडॅप्टर लावला तर दिवे लागतात, पण काम वाढलं की राउटर कोलमडतो.

पण मग ठरावीक साइटवरच का गोठतो? याचं उत्तर शाळेतल्या आवक-जावक रजिस्टरसारखं आहे. घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. त्यामुळे कुणाचं पत्र कुठे गेलं आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं, याची नोंद राउटर ठेवतो. साधं पान उघडलं तर मोजक्या नोंदी होतात. जाहिराती, चित्रं, व्हिडिओ यांनी भरलेलं पान उघडलं की एका दमात डझनावारी नोंदी होतात. राउटर जुना, स्मृती कमी आणि घरात सात-आठ यंत्रं जोडलेली असली की रजिस्टरची पानं संपतात! राउटर बंद-चालू केला की रजिस्टर कोरं होतं, म्हणून थोडा वेळ बरं चालतं. असं वारंवार होत असेल तर राउटरचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, अपडेट करा. तरीही थांबलं नाही तर राउटर बदलायची वेळ आली समजा.

*राउटरचं पान उघडतं, बाकी साइट चालतात, फक्त ठरावीक साइटच अडकतात.* म्हणजे राउटर जिवंत आहे. मग पुढच्या पायरीवर या. माझं हेच होतं.

पायरी ४ : पत्ता सापडत नाही, की सामान पोहोचत नाही?

प्रत्येक साइटचं एक नाव असतं आणि एक अंकी पत्ता असतो. नावावरून पत्ता शोधायचं काम डीएनएस करतं. हजेरीपटात नाव बघून हजेरी क्रमांक काढतो ना, तसंच. हजेरीपट जुना किंवा चुकीचा असेल तर नाव पुकारूनही मूल सापडत नाही.

• “ही साइट सापडली नाही” असा संदेश आला आणि त्यात डीएनएसचा उल्लेख असेल, तर संशय डीएनएसवर. राउटरमध्ये किंवा फक्त आपल्या लॅपटॉपमध्ये डीएनएस बदलून ८.८.८.८ (गूगलचा) किंवा १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) टाकून पाहा. दोन्ही फुकट आहेत.
• साइट सापडते, पान अर्धवट येतं किंवा लॉगिनपर्यंत येतं आणि मग चक्र फिरत राहतं, तर पत्ता बरोबर आहे. सामान वाटेत अडतंय.

याच पायरीवर राउटरमधलं पालक-नियंत्रण आणि साइट अडवण्याची यादीही पाहून घ्या. मुलांसाठी आपणच कधीतरी काहीतरी अडवून ठेवलेलं असतं आणि विसरलेलो असतो.

पायरी ५ : पाकीट दारातून जातंय का?

आता या पाठातला सगळ्यात मजेशीर भाग. हा समजला की “यूट्यूब चालतं, मग नेट बरोबर आहे” हा माझा तर्क का चुकला ते कळेल.

इंटरनेटवरून फोटो अख्खा जात नाही. त्याचे तुकडे होऊन छोट्या छोट्या पाकिटांतून जातो. एका पाकिटाची कमाल मर्यादा साधारण १५०० बाइट. या मर्यादेला एमटीयू म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड कनेक्शनमध्ये राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो. या पद्धतीचं नाव पीपीपीओई. ती प्रत्येक पाकिटावर स्वतःचं ८ बाइटचं वेष्टन चढवते. दार तेवढंच, १५०० चं. मग आत सामानाला जागा किती उरली?

१५०० − ८ = १४९२

राउटरला हे ठाऊक असेल तर काही अडत नाही. पण राउटरमध्ये एमटीयूच्या चौकटीत १५०० लिहिलेलं असेल तर तो भरगच्च पाकिटं पाठवतो, आणि वेष्टन चढल्यावर ती १५०८ ची होतात. दारातून जाणार कशी?

खरं तर मोठं पाकीट वाटेत फोडून दोन करता येतं. पण बहुतेक पाकिटांवर “फोडू नका” अशी खूण असते. अशा वेळी वाटेतल्या यंत्राने उलट निरोप द्यायचा असतो : “बाबा, पाकीट मोठं आहे, लहान करून पाठव.” काही ठिकाणी हा निरोप सुरक्षेच्या नावाखाली अडवला जातो, काही ठिकाणी यंत्र निरोप न देताच पाकीट टाकून देतं. पाठवणारा बिचारा तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. आपल्याला दिसतं ते फिरणारं चक्र. २००० सालच्या आरएफसी २९२३ या तांत्रिक दस्तऐवजात या दोषाचं वर्णन आहे. त्याला ‘ब्लॅक होल’, म्हणजे कृष्णविवर म्हणतात. पाकीट आत जातं, बाहेर काहीच येत नाही!

आता कोडं सुटतं :

• मेसेज, नाव, पासवर्ड ही छोटी पाकिटं. दारातून सहज जातात. म्हणून लॉगिन झालं.
• फोटो म्हणजे भरगच्च पाकिटं. तिथेच अडलं.
• काही साइट “लहान करून पाठव” हा निरोप ऐकतात किंवा मुळातच लहान पाकिटं पाठवतात. त्या चालतात. बाकीच्या अडतात.
• यूट्यूब बऱ्याचदा क्विक नावाच्या पद्धतीने चालतं. त्यातली पाकिटं १५०० पेक्षा बरीच लहान असतात. म्हणून व्हिडिओ झकास चालला आणि मी फसले.

मागे वळून पाहिलं तर खुणा आधीपासून होत्या. त्याच आठवड्यात केंद्राला पाठवायचा अहवाल घरून ईमेलला जोडला जात नव्हता. तेव्हाही मी “ईमेलच स्लो आहे” म्हटलं होतं. पावसाळ्यात विजेने जुना राउटर गेला आणि नवा आणला, तेव्हापासून हे सुरू झालं होतं. दोन गोष्टी मी जोडूनच पाहिल्या नव्हत्या.

मोजून कसं पाहायचं?

विंडोजच्या लॅपटॉपवर स्टार्टमध्ये सीएमडी लिहा. काळी खिडकी उघडेल. त्यात हे टाइप करा (सगळं छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत, मध्ये मोकळी जागा सोडून) :

पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१

एफ म्हणजे “फोडू नका”. एल म्हणजे सामान किती ते. १४७२ का? कारण पाकिटावरच्या पत्त्याला २० बाइट आणि पिंगच्या स्वतःच्या चिठ्ठीला ८ बाइट लागतात.

१४७२ + २० + ८ = १५००

उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं :

१) *रिप्लाय* आला : १५०० चं पाकीट जातंय. एमटीयूचा दोष नाही.
२) *पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड* असं आलं : दार लहान आहे, पण निरोप मिळतोय. सहसा काळजीचं कारण नाही.
३) *रिक्वेस्ट टाइम्ड आउट* : पाकीट गेलं आणि निरोपही नाही. संशय घ्यायला जागा आहे.

तिसरं उत्तर आलं तर १४७२ च्या जागी १४६४ टाका. १४६४ + २८ = १४९२. आता रिप्लाय आला की चोर सापडला. माझ्याकडे १४७२ ला चारही वेळा शांतता, १४६४ ला चारही वेळा उत्तर. १४६४ लाही उत्तर नसेल तर दहा-दहाने आकडा कमी करत जा. उत्तर येईल त्या सगळ्यात मोठ्या आकड्यात २८ मिळवले की तुमचा एमटीयू मिळतो.

दुरुस्ती आणि दोन सावधगिऱ्या

राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट सेटिंगमध्ये एमटीयूची चौकट असते. तिथे १५०० च्या जागी १४९२ लिहायचं, सेव्ह करायचं आणि राउटर एकदा बंद-चालू करायचा. मी तेवढंच केलं. अहवाल ईमेलला लगेच जोडला गेला. १४७२ चं पिंग पुन्हा दिलं, तर या वेळी शांतता नव्हती. “लहान करा” असा निरोप स्वतः राउटरनेच दिला.

*पहिली सावधगिरी :* काहीही बदलण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बिघडलं तर परत जसंच्या तसं करता येतं. एका वेळी एकच सेटिंग बदला. डीएनएस आणि एमटीयू एकदम बदलले आणि साइट चालू झाली, तर कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही.

*दुसरी सावधगिरी :* राउटरच्या मागे टाचणीने दाबायचं बारीक भोक असतं. ते रीसेट. रीस्टार्ट आणि रीसेट वेगळं. रीसेट दाबलं की कनेक्शनचा युजरनेम-पासवर्डही पुसला जातो आणि मग कुठलीच साइट उघडत नाही!

एवढं करूनही जमलं नाही तर केबलवाल्या दादांना फोन करा. पण आता “नेट चालत नाही” एवढंच सांगू नका. असं सांगा : “दोन यंत्रांवर पाहिलं, दोन्हीकडे अडतं. मोबाइल डेटावर तीच साइट उघडते. डीएनएस बदलून पाहिला. पिंग १४६४ ला जातं, १४७२ ला जात नाही.” एवढं सांगितलं की समोरच्यालाही कुठे हात घालायचा ते कळतं.

वर्गात हेच कसं घ्याल?

चौथी-पाचवीच्या मुलांसोबत मी असा खेळ घेतला. खोक्याला एक फट पाडली. वेगवेगळ्या जाडीची पाकिटं केली, काहींवर “घडी घालू नका” लिहिलं. फटीपाशी बसलेल्या मुलाला पहिल्या फेरीत सांगितलं, “पाकीट गेलं नाही तर ओरडून सांग.” दुसऱ्या फेरीत सांगितलं, “काही बोलायचं नाही, पाकीट बाजूला टाकून दे.” दुसऱ्या फेरीत पाठवणारी मुलं वैतागली. एक जण म्हणाला, “बाई, पलीकडे कुणी नाहीच वाटतं!”

पलीकडे त्याची मैत्रीण हात पुढे करून बसलेली होती.

मी त्याला विचारलं, “कशावरून?” तो उठून पलीकडे बघून आला. मी त्या संध्याकाळी एवढंही केलं नव्हतं.

पालकांनाही एवढीच विनंती. घरी काही बंद पडलं, पंखा, मिक्सर, सायकल, नेट, तर मुलांसमोर लगेच कारण ठोकून देऊ नका. “काय काय असू शकेल?” असं त्यांना विचारा, यादी करा आणि एकेक तपासा. चुकलं तर “माझा अंदाज चुकला” असं मोठ्याने म्हणा. मुलं ते ऐकत असतात.

माझंही एक वाक्य बाकी आहे. पट्टा पडला, गाळप संपलं की माणसं गावी परत येतात. त्या मुलीचे वडील शाळेत आले की त्यांना सांगणार आहे, “दादा, त्या रात्री साइट बंद नव्हती. माझा राउटर चुकीचा लावलेला होता, आणि मी न बघताच बोलले.”

तुमच्याकडेही एखादी ठरावीक साइट अडत असेल तर या पायऱ्या क्रमाने करून पाहा. कोणत्या पायरीवर दोष सापडला ते जरूर कळवा.